चौकशी आणि शिक्षेच्या सावटाखाली कॉलेज फुटबॉलची निवड कशी करावी

अमेरिकेत शालेय फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला मोठ्या विद्यापीठाकडून शिष्यवृत्तीचा प्रस्ताव यावा आणि त्याच सुमारास त्या विद्यापीठाच्या फुटबॉल विभागावर नियमभंगाचे आरोप असल्याची बातमी वाचनात यावी, असा प्रसंग अनेक घरांवर येतो. टेक्सास, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया येथील मराठी घरांतली मुलेही आता शाळेच्या संघांतून हा खेळ खेळतात. आपण स्वतः क्रिकेट आणि कबड्डी पाहत वाढलेलो असल्यामुळे या खेळाचे नियम एक वेळ कळतात, पण त्यामागची खेळाडूभरतीची व्यवस्था कळत नाही. हा लेख अशा पालकांसाठी, मुलांसाठी आणि या विषयाकडे नव्याने वळलेल्या वाचकांसाठी आहे. येथे फुटबॉल म्हणजे अर्थातच अंडाकृती चेंडूचा अमेरिकन फुटबॉल.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. शिक्षा जाहीर झाली की तिला निदान आकडे आणि तारखा असतात, त्यामुळे तिचा हिशेब मांडता येतो. भरतीचे खरे नुकसान होते ते आरोप आणि निकाल यांच्यामधल्या काळात, कारण त्या काळात कोणालाच काही ठाऊक नसते आणि प्रत्येक जण आपल्या सोयीचे सांगत असतो. म्हणून नवख्या माणसाने सर्वांत आधी कोणाचे ऐकायचे हे न ठरवता कोणता कागद पाहायचा हे ठरवावे.

प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे ते आधी पाहा

कॉलेज क्रीडास्पर्धांचे नियमन एनसीएए ही इंडियानापोलिस येथील संस्था करते. नियमभंगाचे तिने स्तर ठरवले आहेत. पहिला स्तर सर्वांत गंभीर, दुसरा मध्यम, आणि तिसऱ्या स्तरात किरकोळ चुका येतात. चुकीच्या दिवशी पाठवलेला एखादा संदेश, ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा थोडा जास्त झालेला खर्च अशा तिसऱ्या स्तरातल्या गोष्टी जवळजवळ प्रत्येक मोठ्या विद्यापीठात दरवर्षी घडतात आणि विद्यापीठे त्या स्वतःहून कळवतात, त्यामुळे त्यांच्या बातमीने घाबरण्याचे कारण नाही. पहिल्या आणि दुसऱ्या स्तराचे आरोप असतील तरच पुढे वाचावे.

गंभीर प्रकरणात आधी चौकशी होते, मग विद्यापीठाला आरोपपत्र मिळते, त्यावर लेखी उत्तर देण्यासाठी साधारणतः 90 दिवसांची मुदत असते, त्यानंतर नियमभंग समितीपुढे सुनावणी होते किंवा दोन्ही पक्षांच्या संमतीने तोडगा निघतो, आणि निकालानंतर अपीलही करता येते. हा सारा प्रवास वर्षानुवर्षे चालू शकतो. टेनेसी विद्यापीठाने जेरेमी प्रुइट या मुख्य प्रशिक्षकाला जानेवारी 2021 मध्ये काढले आणि निकाल लागला जुलै 2023 मध्ये. म्हणजे मधल्या अडीच वर्षांत जी मुले तेथे गेली, ती शिक्षेचे स्वरूप माहीत नसतानाच गेली.

या मधल्या काळात काय घडू शकते, हे समजण्यासाठी मिसिसिपी विद्यापीठाचे, म्हणजे लोक ज्याला ओल मिस म्हणतात त्या विद्यापीठाचे, प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. जानेवारी 2016 मध्ये त्याला आरोपपत्र मिळाले आणि सह्यांचा दिवस, म्हणजे खेळाडूंनी विद्यापीठाशी करार करण्याचा दिवस, फेब्रुवारीच्या सुरुवातीला होता. आरोपांची बातमी फुटली तेव्हा बहुतेक आरोप आधीच्या प्रशिक्षकाच्या काळातले किंवा इतर खेळांतले आहेत, असे चित्र भरतीला आलेल्या मुलांपुढे आणि पत्रकारांपुढे उभे राहिले. मुलांनी सह्या केल्या. मे महिन्याच्या अखेरीस विद्यापीठाने आरोपपत्र प्रसिद्ध केले, तेव्हा फुटबॉलचे 13 आरोप दिसले आणि त्यांतले 9 तेव्हाच्याच प्रशिक्षकवर्गाच्या काळातले निघाले. पुढे आणखी आरोप आले, 2017 आणि 2018 अशा दोन हंगामांत नियमित सामन्यांनंतरच्या, म्हणजे बाउल, सामन्यांना मुकावे लागले. आधीच्या प्रशिक्षकाने आपली बदनामी झाली म्हणून विद्यापीठावर दावा केला, तो माफी मागून मिटवण्यात आला. त्या वर्गातला सर्वांत गाजलेला क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) शे पॅटरसन, आपल्याला चौकशीबाबत चुकीची माहिती दिली गेली असे म्हणत मिशिगन विद्यापीठात गेला आणि 2018 मध्ये त्याला लगेच खेळण्याची परवानगी मिळाली.

सही आणि खरा कागद यांच्यामध्ये चार महिने होते, आणि ही गोष्ट प्रत्येक पालकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. सार्वजनिक विद्यापीठांची आरोपपत्रे बहुधा माहितीच्या अधिकारासारख्या राज्य कायद्यांमुळे केव्हातरी बाहेर येतात, पण आपल्या सहीच्या तारखेआधी येतीलच असे नाही. म्हणून प्रशिक्षकाला थेट विचारावे की आरोपपत्र आले आहे का, त्यात फुटबॉलचे आरोप किती, त्यांतले सध्याच्या प्रशिक्षकवर्गाशी संबंधित किती, आणि ते आम्हाला वाचायला मिळेल का. तोंडी आश्वासनावर समाधान मानू नये. उत्तर मिळाल्यावर त्याच दिवशी एक साधा ईमेल पाठवावा, ‘आज आपण सांगितलेले आम्ही असे समजलो आहोत’ एवढाच. बरोबर असेल तर प्रशिक्षक दुजोरा देईल. तो गप्प राहिला, तर त्या मौनाचाही अर्थ लावता येतो.

शिक्षा आपल्या मुलाच्या वर्षांवर मांडून पाहा

निकाल लागलेला असेल, तर एक कोरा कागद घ्यावा. वर मुलाची वर्षे लिहावीत. समजा मुलगा 2027 च्या उन्हाळ्यात दाखल होणार आहे, तर 2027, 2028, 2029, 2030 असे हंगाम मांडावेत. त्याखाली शिक्षेतली प्रत्येक बाब आपापल्या वर्षाखाली लिहावी, म्हणजे बाउल सामन्यांवरची बंदी कोणत्या हंगामात, शिष्यवृत्तीतली कपात कधीपासून कधीपर्यंत, भेटींवरची मर्यादा कोणत्या वर्षी, प्रोबेशन (देखरेखीखालचा काळ) कधी संपते, हे समोर येते. पुष्कळदा असे दिसते की सर्वांत कडक वाटणारी बंदी आपला मुलगा पोहोचण्याआधीच संपलेली असते.

ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने 2023 च्या हंगामापुरती स्वतःहून बंदी घेतली आणि ती पहिल्या सामन्याच्या काही दिवस आधी जाहीर केली. त्या वर्षी संघात असलेल्या मुलांवर, ज्यांचा कोविडकाळातल्या नियमबाह्य भरतीशी संबंध नव्हता त्यांच्यावरही, ती अचानक कोसळली. पण पुढच्याच 2024 च्या हंगामात याच विद्यापीठाने बिग 12 परिषदेचे (विद्यापीठांच्या एका स्पर्धागटाचे) विजेतेपद मिळवले आणि राष्ट्रीय प्लेऑफही खेळला. सुक्याबरोबर ओले जळते ते असे, आणि त्याच आगीनंतर आलेल्याला मोकळे रान मिळते तेही असे.

जुन्या शिक्षा फार कडक असत. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाची 1987 ची शिक्षा आजही लोक मृत्युदंड म्हणूनच ओळखतात. आधीच प्रोबेशनवर असताना तेथे 13 खेळाडूंना गुप्त निधीतून मिळून सुमारे 61,000 डॉलर दिले गेले होते. एनसीएएने 1987 चा हंगामच रद्द केला, 1988 चा विद्यापीठाने स्वतः सोडला, चार वर्षांत मिळून 55 शिष्यवृत्त्या कापल्या गेल्या आणि प्रशिक्षकांना बाहेर जाऊन भरती करण्यावर बंधने आली. निकालानंतर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रशिक्षक त्या आवारात येऊन मोकळ्या झालेल्या खेळाडूंशी बोलणी करू लागले. 1989 मध्ये संघ परत उभा राहिला तो बहुतांशी पहिल्या वर्षाच्या मुलांवर, आणि त्या हंगामात ह्यूस्टन विद्यापीठाने त्यांना 95–21 असे हरवले. त्यानंतरचा पहिला बाउल सामना खेळायला 2009 उजाडले. शिष्यवृत्तीच्या जागा कापल्या की एका वर्षाची भरती बिघडते, आणि ते वर्ग वरच्या इयत्तांत पोहोचेपर्यंत प्रत्येक हंगामात ती पोकळी जाणवत राहते. बाउल बंदीपेक्षा शिष्यवृत्तीकपात अधिक खोल जाते, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला जून 2010 मध्ये झालेल्या शिक्षेत दोन हंगामांची बाउल बंदी आणि तीन वर्षांत 30 शिष्यवृत्त्यांची कपात होती. तेव्हा एका संघाला 85 शिष्यवृत्त्या देता येत, त्यांच्या हाती 75 उरल्या आणि दर वर्षी नवे खेळाडू 15 च घेता येऊ लागले. वरच्या वर्षांतल्या खेळाडूंना लगेच दुसरीकडे जाऊन खेळण्याची मुभा मिळाली. भरतीच्या बाजूने पाहिले तर येथे एक विचित्र संधीही असते. जागा कमी झाल्या तरी ज्याला जागा मिळते त्याला मैदानावर उतरण्याची संधी लवकर मिळते, कारण त्याच्या पुढे रांगेत माणसेच कमी असतात. याची दुसरी बाजू अशी की बदली खेळाडू कमी असल्याने प्रत्येकाला जास्त खेळावे लागते आणि दुखापतीचा धोका वाढतो. बचावफळीत किंवा लाइनमध्ये खेळणाऱ्या मुलाच्या पालकांनी हा विचार नक्की करावा.

शिक्षा मध्येच सैलही होऊ शकते. जुलै 2012 मध्ये पेन स्टेट विद्यापीठाला सहा कोटी डॉलरचा दंड, चार वर्षांची बाउल बंदी आणि मोठी शिष्यवृत्तीकपात अशी शिक्षा झाली. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, सायलस रेड काही दिवसांतच सदर्न कॅलिफोर्नियाला निघून गेला, म्हणजे एका शिक्षेतून सुटून दुसऱ्या शिक्षा भोगणाऱ्या संघात. क्वार्टरबॅक क्रिश्चन हॅकनबर्गने मात्र दिलेला शब्द न मोडता 2013 मध्ये तेथेच प्रवेश घेतला. 2013 मध्ये शिष्यवृत्त्या टप्प्याटप्प्याने परत देण्याचे ठरले, सप्टेंबर 2014 मध्ये बाउल बंदी उठली, आणि त्याच डिसेंबरात हॅकनबर्गचा संघ न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियमवर पिनस्ट्राइप बाउल जिंकून परतला. अशी सूट मिळेलच हे गृहीत धरून मात्र कोणी निर्णय घेऊ नये. सूट मिळाली नाही तरी मला येथे राहायचे आहे का, हा प्रश्न मुलाने स्वतःला विचारावा.

आजची शिक्षा दंडाच्या रूपात येते, तरी भरतीला झळ लागते

2022 मध्ये एनसीएएने नवी घटना स्वीकारल्यापासून ज्यांचा दोष नाही त्या खेळाडूंना शिक्षेची झळ शक्यतो लागू नये, असे धोरण आहे. टेनेसीच्या प्रकरणात पहिल्या स्तराचे 18 नियमभंग सिद्ध झाले, तरी बाउल बंदी आली नाही. 80 लाख डॉलरहून अधिक दंड, पाच वर्षांचे प्रोबेशन आणि 28 शिष्यवृत्त्यांची कपात झाली. ऑगस्ट 2025 मध्ये मिशिगनवर प्रतिस्पर्ध्यांचे इशारे चोरण्याच्या प्रकरणाचा निकाल आला. त्यात समितीने बाउल बंदी योग्य ठरली असती असे म्हणूनही ती दंडात बदलली. फुटबॉलच्या अंदाजपत्रकाच्या दहा टक्के रक्कम, दोन हंगामांच्या प्लेऑफ व बाउलच्या उत्पन्नाइतकी रक्कम आणि शिष्यवृत्तीखर्चाच्या दहा टक्के रक्कम मिळून हा आकडा दोन कोटी डॉलरच्या वर जाईल असा अंदाज होता.

दंड विद्यापीठ भरणार, मग मुलाचे काय बिघडले, असे वाटू शकते. पण याच निकालात 2025-26 साठी विद्यापीठाच्या खर्चाने होणाऱ्या अधिकृत भेटींत 25 टक्के कपात होती आणि प्रोबेशनच्या काळात 14 आठवडे खेळाडूंशी भरतीविषयक संपर्क करण्यास बंदी होती. दर रविवारी संध्याकाळी संदेश पाठवणारा प्रशिक्षक अचानक गप्प झाला, तर मुलाला वाटते की आपल्यावरचे मन उडाले. कारण शिक्षेत असू शकते. म्हणून निकालपत्रातले संपर्कबंदीचे आठवडे आपल्या कागदावर लिहून ठेवावेत. शिवाय एरवीच्या दिनदर्शिकेतही ‘डेड पीरियड’ असतात, ज्यात प्रशिक्षक खेळाडूला प्रत्यक्ष भेटू शकत नाही, फक्त फोन आणि लेखी संपर्क चालतो. कोविडमुळे मार्च 2020 ते मे 2021 अखेर असा दीर्घ काळ लागू होता आणि टेनेसी, मिशिगन (इशारेचोरीहून वेगळ्या प्रकरणात), ॲरिझोना स्टेट या तिन्ही ठिकाणी त्याच काळातल्या भेटीगाठींमुळे नियमभंग झाले.

पैशाचाही प्रश्न आता वेगळा झाला आहे. जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट उत्पन्नातला वाटा देऊ शकतात, 2025-26 साठी सर्व खेळ मिळून ही मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली होती. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांत फुटबॉलच्या शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरची मर्यादा गेली आणि संघात 105 खेळाडूंची मर्यादा आली. अशा वेळी मोठा दंड भरणारा विभाग पुढच्या वर्षी आपल्याला कबूल केलेली रक्कम कशातून देणार, हे विचारणे उद्धटपणा नाही.

प्रशिक्षक टिकणार आहे का

एनसीएएच्या शिक्षांत ‘शो-कॉज’ नावाचा आदेश असतो. तो ज्या प्रशिक्षकावर आहे त्याला कामावर घेणाऱ्या विद्यापीठाला त्या निर्बंधांचे पालन करावे लागते किंवा ते का लागू नसावेत हे समितीपुढे सिद्ध करावे लागते, त्यामुळे असा प्रशिक्षक व्यवहारात कॉलेज फुटबॉलमधून बाहेर पडतो. प्रुइटवर सहा वर्षांचा आदेश आला. मिशिगनचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक जिम हार्बो यांच्यावर आधी चार आणि त्यानंतर दहा वर्षांचा आला, पण तोवर ते व्यावसायिक लीगमध्ये लॉस एंजेलिस चार्जर्सचे प्रशिक्षक झाले होते आणि तेथे हा आदेश चालत नाही. मागे राहिली ती त्यांनी भरती केलेली मुले. चौकशी सुरू असताना आपल्या मुलाची भरती करणाऱ्या सहायक प्रशिक्षकाचे नाव आरोपपत्रात आहे का, मुख्य प्रशिक्षकाचा करार केव्हापर्यंत आहे आणि गंभीर नियमभंग सिद्ध झाल्यास तो रद्द करण्याची तरतूद त्यात आहे का, हे पाहावे. सार्वजनिक विद्यापीठांत हे करार उपलब्ध असतात.

बाहेर पडण्याची वाट आता पूर्वीपेक्षा सोपी आहे. 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झाले आणि 2024 पासून अभ्यासाच्या अटी पूर्ण करणारा खेळाडू पुन्हा पुन्हा बदली घेऊनही लगेच खेळू शकतो. पण पोर्टलमध्ये नाव घातल्यावर जुन्या विद्यापीठाला शिष्यवृत्ती बंद करता येते, आणि श्रेयांक सगळे जुळतीलच असे नाही. ज्या मुलाला अभियांत्रिकी करायची आहे त्याने हे आधी तपासावे.

आपलेच हात पोळू नयेत म्हणून

येथे मला थोडे कळकळीने लिहायचे आहे. नियमभंगाची किंमत विद्यापीठाइतकीच मुलालाही मोजावी लागू शकते, आणि पालकांना अनेकदा आपण काही चुकीचे करतो आहोत हे कळतच नाही. टेनेसीच्या प्रकरणात खेळाडूंना आणि त्यांच्या कुटुंबीयांना मिळून सुमारे 60,000 डॉलरचे नियमबाह्य लाभ दिले गेले होते, त्यात हॉटेलच्या खोल्या आणि जेवणे होती. अनधिकृत भेट म्हणजे ज्यात सगळा खर्च आपला. अशा भेटीत जेवणानंतर बिल आले आणि कोणी ‘राहू द्या, आम्ही बघतो’ म्हणाले, तर आपल्या पाहुणचाराच्या संस्कारांप्रमाणे आपण दोनदा आग्रह करून गप्प बसतो. तसे करू नये. बिल स्वतः भरावे, पावती जपून ठेवावी, आणि हॉटेल, पेट्रोल, विमान यांच्या पावत्या एका पाकिटात तारखेनुसार लावाव्यात.

बूस्टर, म्हणजे विद्यापीठाचा धनिक पाठीराखा, याच्याशी भेट घडवून आणण्याचा प्रस्ताव आला तर अधिक सावध राहावे. फ्लोरिडा स्टेटच्या 2024 च्या प्रकरणात सहायक प्रशिक्षकाने बदलीसाठी आलेल्या एका खेळाडूला आणि त्याच्या पालकांना बूस्टरकडे गाडीने नेले आणि तेथे महिना सुमारे 15,000 डॉलरचा करार देऊ केला गेला. विद्यापीठाला प्रोबेशन मिळाले, प्रशिक्षकाला शो-कॉज आदेश. नाव-प्रतिमा करारांचे (खेळाडूचे नाव आणि प्रतिमा वापरण्याबद्दल त्याला पैसे देणाऱ्या करारांचे) नियम त्यानंतर न्यायालयीन लढायांमुळे बदलले आहेत, आणि आता 600 डॉलरवरचे बाहेरचे करार तपासणीसाठी नोंदवावे लागतात. मराठी घरांसाठी आणखी एक अडचण आहे. मुलगा एफ-1 किंवा एच-4 व्हिसावर असेल, तर असे पैसे घेतल्याने व्हिसाच्याच अटी मोडू शकतात. विद्यापीठाच्या माणसाच्या शब्दावर न जाता इमिग्रेशन वकिलाचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय सही करू नये.

आणि चौकशी अधिकाऱ्याने काही विचारले तर खरे सांगावे. 2009 मध्ये ओक्लाहोमा स्टेटच्या डेझ ब्रायंट या अव्वल रिसीव्हरने (चेंडू झेलणाऱ्या खेळाडूने) माजी व्यावसायिक खेळाडू डीऑन सँडर्स यांच्याशी झालेल्या भेटीबद्दल खोटे सांगितले. ती भेट मुळात नियमभंग नव्हती, पण खोटे बोलल्यामुळे त्याचा उरलेला हंगाम गेला.

सहीपूर्वी मागायचा कागद

प्रोबेशनच्या अटींत सहसा एक कलम असते, जे नवख्या कुटुंबांना कोणी आपणहून सांगत नाही. विद्यापीठाने संबंधित खेळात भरती होणाऱ्या प्रत्येक खेळाडूला आपण प्रोबेशनवर आहोत, किती वर्षांसाठी, आणि कोणत्या नियमभंगांमुळे, हे लेखी कळवायचे असते. मुलगा विद्यापीठाच्या खर्चाने अधिकृत भेटीला जाणार असेल, तर हे पत्र भेटीच्या आधी मिळायला हवे, नाहीतर निदान सही करण्यापूर्वी. ऑक्टोबर 2024 मध्ये जुने राष्ट्रीय संमतिपत्र बंद झाले आणि आता शिष्यवृत्तीच्या करारावर सही होते, तरी पत्राचे महत्त्व तेवढेच आहे. बहुतेक मुले आता डिसेंबरच्या सुरुवातीच्या सह्यांच्या दिवसांतच करार करतात, त्यामुळे हे पत्र नोव्हेंबरमध्येच मागावे, आधी तयार केलेल्या वर्षांच्या कागदाशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावे, आणि दोन्हींत फरक दिसला तर विद्यापीठाच्या नियमपालन कार्यालयाला, प्रशिक्षकाला नव्हे, फोन करून त्याचे कारण विचारावे.